हवेत तरंगणारा माणूस आणि मी

६ जानेवारी, मंगळवार
प्राचार्यांना म्हणालो, इस्लामी तत्त्वज्ञान तर माझा खास विषय. का म्हणालो, देव जाणे. आता पुढच्या मंगळवारी व्याख्यान. ते जमलं तरच पुढच्या वर्षी मला तासिका मिळतील, हेही त्यांनी हसत हसत सुनावलं. घाबरलेलो नाही. फक्त जेवण गेलं नाही. स्वतःला बजावलं: सॅम्युएल, उद्यापासून पहाटे पाचला अभ्यास!

८ जानेवारी
सातला उठलो. विषय तसा सोपा आहे. ग्रीक ग्रंथांची बगदादला अरबी भाषांतरं झाली, मग बुद्धी मोठी की ईश्वरी वचन यावर शतकानुशतकं वाद, मग स्पेन. पुढचं पाहू.
संध्याकाळी कळलं, अहिल्यानगरहून मुजावर सर येणार. अरबीचे निवृत्त प्राध्यापक. प्रश्न विचारतात म्हणे. हातपाय गार पडले. श्रीरामपुरात यंदा थंडी फार.

११ जानेवारी, रविवार
अभ्यासासाठी चर्च बुडवलं आणि सापडलं! एका इस्लामी तत्त्ववेत्त्याची कल्पना: माणूस हवेत तरंगतोय. डोळे झाकलेले, आवाज नाही, हातापायांना कशाचाही स्पर्श नाही. तरी ‘मी आहे’ हे त्याला कळतंच. म्हणजे आत्मा शरीराहून वेगळा. याचं प्रात्यक्षिकच करायचं. कानात कापूस घातला, डोळ्यांवर बायकोचा, कृपाचा स्कार्फ बांधला, हातपाय फाकून पलंगावर पडलो. काय शांतता! प्राचार्य नाहीत, मुजावर सर नाहीत. भीती पार गेली.
मग तोंडावर तांब्याभर पाणी. कृपा चर्चहून आली होती. किती हाका मारल्या म्हणे. रडत होती. तिचा विषय गणित, तिला काय सांगणार.

१३ जानेवारी, सकाळ
तीनदा संडास. उत्साह, दुसरं काही नाही.

संध्याकाळ
बगदादपर्यंत नीट पोचलो. तेवढ्यात मुजावर सरांनी हात वर केला. भीती वाटली, लिहूनच टाकतो. म्हणालो, आधी प्रात्यक्षिक. कापूस घातला, स्कार्फ बांधला, हात पसरून उभा राहिलो. एकदम शांत. वाटलं, सगळे भारावलेत. तसाच राहिलो. मग स्कार्फ काढायचं धाडसच होईना.
झाडणाऱ्या बाईने खांदा हलवला. पाहतो तर खुर्च्या रिकाम्या. आभारप्रदर्शनसुद्धा उरकलेलं. कापूस काढला तेव्हा दारातून शिपाई मच्छिंद्र तिला सांगत होता की, प्राचार्य जाता जाता मुजावर सरांना इचारत हुते, पुढच्या वर्षाला शिकवायला कुनी हाय का तुमच्या पाहण्यात. मग दिवे बंद करायला वळला आणि थबकून म्हणाला, सर, तुमी हाय व्हय अजून?
आहे, म्हणालो. आज तेवढंच सिद्ध झालं.