चुगलखोराची यादी

१० फेब्रुवारी

पुन्हा तोडली! बोर्डावर 'घुबड' हे टोपणनाव लावणाऱ्या माणसाची फाइल फोनवरून नव्वद टक्के आली होती. पस्तीस मिनिटं धीर धरून बसला होता बिचारा, आणि बाहेरच्या खोलीत वहिनीने रिसीव्हर उचलला. खट्! गेली लाइन. धावत गेले तर ही रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून उभी. "बाई गं, काय किंचाळतंय हे!"

एक ते पाच फोन माझा. नोव्हेंबरात कॉम्प्युटरवर हा निरोपांचा बोर्ड सुरू केला तेव्हाच हे ठरलंय, दादाने तिच्यासमोर ठरवलंय. लोक आपापल्या कॉम्प्युटरवरून इथे फोन लावतात, माझ्या कॉम्प्युटरला फोनशी जोडणारा मोडेम पहिल्याच घंटेला उचलतो, मग ते एकमेकांचे निरोप वाचतात, लिहितात, फाइली नेतात. एका वेळी एकच माणूस. रोजचे चार तास मागितले मी. उरलेले वीस तास तिने फोन गळ्यात बांधून फिरावं, माझी हरकत नाही.

घुबडाची माफी मागितली. तो म्हणाला, होतं असं. होत नाही, केलं जातं!

११ फेब्रुवारी

"वन्सं, काल चुकून उचलला. एकदाच. मी काय तुमच्या फोनवर टपून बसलेय?"

टपूनच बसलीय. चोराच्या मनात चांदणं.

१४ फेब्रुवारी

सात ते बारा छापखाना. एका वकिलाच्या पुस्तकाची प्रुफं — एकशे चौदा चुका. लोकांच्या चुका काढायचे मला पैसे मिळतात, घरी फुकट काढते.

वहिनीने ताट आपटलं. "आपटलं नाही, ठेवलं." बरं.

जेवून बसले आणि एका बैठकीत नवा प्रोग्रॅम लिहिला. बोर्ड चालवायला लिहिलेला हा सातवा छोटा प्रोग्रॅम. 'झाडू' जुने निरोप काढून टाकतो, 'दारवान' वेळ संपली की माणसाला घालवून देतो. ह्याचं नाव 'चुगलखोर'. मोडेमने फोन उचलला आणि रीतसर निरोप न घेता लाइन गेली, की हा तारीख आणि वेळ टिपतो आणि पुढे लिहितो — तुटलं. बस्स. तीन किलोबाइटसुद्धा नाही. कोणाची लाइन तुटली ते लिहायची सोय केली नाही. मला कोण तुटलं ते नकोच होतं. कोण तोडतं ते हवं होतं, आणि ते नाव मला पाठ आहे.

२१ फेब्रुवारी

३:१०. ३:१२. ३:०९. ३:१०. रोज! अधूनमधून इतर वेळाही आहेत, पण तीन-दहा चुकत नाही. त्याच सुमाराला ती दुपारची झोप काढून उठते. उठल्या उठल्या पहिलं काम माझा गळा दाबायचं.

२४ फेब्रुवारी

काल रविवार. दादा घरी. तीन-दहाला काहीही नाही. दादा घरी असला की हात आवरतो म्हणजे!

२७ फेब्रुवारी

वहिनी दादाला सांगत होती, नोव्हेंबरपासून आईचा एक फोन नाही. "मग तू कर." "मी का? वाकडं कोण बोललं? मी म्हटलं इथे येऊन राहा, तर म्हणते तुझ्या दारात पडून नाही राहायची. आता तिनेच आधी करावा."

खाण तशी माती. दोघीही झुकायच्या नाहीत. त्यांचं भांडण त्यांच्यापाशी, राग मात्र माझ्या लाइनवर.

४ मार्च

तीन-दहाची यादी काल बोर्डावर लावली होती. त्यावर घुबडाचा निरोप: "बाई, तीन-दहाला माझं कधीच तुटलेलं नाही. कोणाचं तुटतं? कोणी तक्रार केली का?"

तक्रार नाही केली कोणी. सोशिक आहेत सगळे. ह्याला कोणी विचारलं होतं? लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस! उत्तर दिलं नाही.

९ मार्च

रविवार. दादा चहा पीत असताना यादी छापून समोर ठेवली. तीन-दहाच्या आसपासच्या ओळींखाली लाल शाईने रेघा. एकोणीस.

दादाने चष्मा लावून दोनदा वाचली. वहिनी म्हणाली, "शपथ घेते, मी हात लावलेला नाही."

"मग हे काय?" दादा म्हणाला.

"मला काय माहीत? कागदावर आलं म्हणजे खरं का?"

"मशीन कशाला खोटं बोलेल? त्याचं काय तुझ्याशी वैर आहे?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मीही बघितलं. नजर तिनेच आधी काढली. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

११ मार्च

दादाने फोनवर पालथी घालायला लाकडी पेटी करून आणली. वायरीपुरतं भोक, कडी, कुलूप. एक ते पाच बंद. किल्ली माझ्याकडे.

वहिनी म्हणाली, "आणखी मोठी करायची होती. मलाही कोंडलं असतं."

१२ मार्च

३:११ — तुटलं.

कुलूप जसंच्या तसं. किल्ली माझ्या पर्समध्ये. दुसरी करून घेतली असणार. केवढी पाताळयंत्री बाई!

१३ मार्च

अडीचपासून बाहेरच्या खोलीत पेटीसमोर प्रुफं घेऊन बसले. वहिनी समोर कपड्यांच्या घड्या करत होती. घंटेचा एक दबका आवाज पेटीतून आला, मोडेमने उचलला, संपलं. वहिनी जागची हललीसुद्धा नाही. मी डोळ्यांनी बघितलं.

आत जाऊन यादी बघितली. ३:१० — तुटलं.

१४ मार्च

मोडेमचा स्पीकर मी पहिल्या दिवसापासून बंद ठेवला होता, ते किंचाळणं मलाही सोसत नाही. आज चालू केला.

तीन-दहा. घंटा. मोडेमने उचलला. तो किंचाळायला लागायच्या आधी दोन क्षण शांतता असते. त्या दोन क्षणांत एक म्हातारी घाईघाईने बोलली, "अगं, मी बोलतेय, आज तरी ती शिट्टी नको गं—"

आणि शिट्टी सुरू झाली. ती तरीही काहीतरी बोलत होती. मग तिने ठेवला. समोर पडद्यावर चुगलखोराने लिहिलं — तुटलं.

आवाज ओळखला. वहिनीची आई. दोन वर्षांपूर्वी आठवडाभर इथे राहून गेलेली.

चुगलखोराला फक्त लाइन गेलेली कळते. पलीकडे कॉम्प्युटर होता की माणूस, हे बघायला मी त्याला सांगितलंच नव्हतं. एकोणीस लाल रेघा. मी प्रुफं तपासते. एकशे चौदा चुका काढते!

१५ मार्च

सांगितलं नाही. सकाळी दोनदा स्वयंपाकघरात गेले. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "काय हवंय? की इथेही काही मोजायचंय?" आल्या पावली परत फिरले. हिच्यासमोर मान खाली घालू? मी?

तीन-दहाला किल्ली हातात घेऊन पेटीपाशी उभी होते. वहिनी मागच्या दारी. एक हाक मारायची होती. घंटा वाजली. आतल्या खोलीतून स्पीकरवर ऐकू आलं — "बरं. राहू दे." एवढंच. आज शिट्टी सुरू होण्याआधीच तिने ठेवला.

१६ मार्च

रविवार. आज फोन येत नाही. उद्या सांगेन.

१७ मार्च

तीन-दहाला काही नाही. तीन-वीसला नाही. पाचपर्यंत नाही.

१८ मार्च

नाही.

१९ मार्च

सांगितलं. दादासमोर. पेटी उघडली आणि सगळं सांगितलं, किल्ली टेबलावर ठेवली. दादा म्हणाला, "अगं, म्हणजे मी हिला—"

वहिनीने आईच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे फोन लावला. आईकडे फोन नाही, ती त्यांचाच वापरते. त्या शाळेतून तीनला घरी येतात, तेव्हा आई रोज खाली यायची. नोव्हेंबरपासून, शाळेच्या दर दिवशी! आता येत नाही. बाई वर जाऊन बोलावून आल्या, तरी आली नाही. निरोप दिला — माझा आवाज ऐकला की पोरगी शिट्टी लावते. वाजव म्हणावं.

वहिनीने रिसीव्हर हळू ठेवला. "चार महिने," म्हणाली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला आज जेवण गेलं असतं.

२२ मार्च

वहिनी जाऊन आली. आई दारातच बोलली. "मशीन शिट्टी वाजवतं म्हणे! माझे केस उन्हाने नाही पिकले." मी बरोबर येते म्हटलं होतं. वहिनी म्हणाली, "तुम्ही नका येऊ. तुम्हाला बघितलं की तिला वाटेल, तुम्हाला शिकवून आणलंय."

निघताना आई म्हणाली, मनात आलं तर मीच करीन.

संध्याकाळी मोडेमची सेटिंग बदलली. दहा घंटा झाल्याशिवाय उचलायचं नाही. एकाच्या जागी दहा, म्हणजे तोवर घरातलं माणूस उचलू शकतं. तेवढंच करायचं होतं — नोव्हेंबरात! पेटी माळ्यावर टाकली.

२५ मार्च

आज अकरा वेळा घंटा वाजली. अकराही वेळा वहिनी हातातलं टाकून धावली. "आई?" म्हणते, पलीकडे कोणाचा तरी मोडेम, माणूस नाहीच. थोडा वेळ थांबते, ठेवते. चुगलखोराच्या यादीत काही नाही, फोन मोडेमपर्यंत पोहोचतच नाही. मीच मोजले.

सकाळी घुबड छापखान्यात आला होता, लालबुंद होऊन. "बाई, दोन दिवस लाइन लागत नाहीये. तुमच्या घरात कोणीतरी रोज फोन उचलतंय!"

म्हटलं, हो. उचलू दे.