तांबडीची गुलाबी पिल्लं

मसोली, डहाणू
९ फेब्रुवारी २०१७

चि. प्रविण यास रविंद्र भावोजींचे मनापासून आशीर्वाद.

तुम्ही सगळे खुशाल असाल, वर्षाचा पाय प्लास्टरमध्ये का होईना पण ठिकाणावर असेल, आणि तुझी ताई तिला चुलीकडे फिरकूही देत नसेल, हे मी धरूनच चालतो. माझी तब्येत उत्तम आहे. एकट्याचा स्वयंपाक छान जमतो (भात दोनदा करपला, पण फक्त खालून). फोन सोडून पत्र का, तर महिनाभर तुझा फोन ताईच उचलते, आणि हा विषय तिच्या कानावर जायचा नाही.

आधी माफी मागतो. गेल्या बाजाराच्या दिवशी तलासरीत तू ज्या पाठमोऱ्या माणसाला ‘भावोजी, ओ भावोजी’ म्हणून हाका मारल्यास आणि जो डोक्यावर टॉवेल ओढून वांग्यांच्या ढिगाआड गेला, तो मीच. सख्ख्या मेहुण्याला तोंड चुकवायची वेळ का आली, ते सविस्तर सांगतो, म्हणजे माझी बाजू किती भक्कम आहे ते तुला पटेल.

तुमच्या आईची तांबडी कोंबडी तुला आठवत असेलच. आई गेल्यावर ताईने तुमच्या घरातून ना दागिना आणला ना भांडं, फक्त ही कोंबडी आणली. ती खुडूक झाली तेव्हा ताईने तिच्याखाली तिचीच अकरा अंडी ठेवली, दोन दिवसांनी भावजयीचा पाय मोडला म्हणून ताई तुमच्याकडे आली, आणि तांबडी माझ्या ताब्यात राहिली. आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मी परीक्षानळ्या धुतल्या (एकीवरही कधी डाग राहिला नाही, वाटल्यास जुन्या सरांना विचार). तांबडी दाणे टिपायला उठली तेव्हा मला प्रत्येक अंड्यावर काळी रेघ दिसली. घाण बघून मी गप्प बसणारा नाही. अकराच्या अकरा अंडी सोड्याच्या पाण्यात भिजवली, ब्रशने घासली आणि ओट्यावर उन्हात वाळत घातली. काचेसारखी चकाकत होती. तांबडीने थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि बिचारी परत बसली.

एकविसावा दिवस गेला, काही नाही. चोविसाव्या दिवशी एक अंडं आपणहून फुटलं, आणि तो वास आळीच्या टोकापर्यंत गेला. त्या वासानेच शेजारच्या लाडकीकाकू आल्या. काळी रेघ म्हणजे उबवायच्या अंड्यांची खूण, दुसऱ्या कोंबड्यांनी तिथे घातलेली ताजी अंडी ओळखू यावीत म्हणून ताईने कोळशाने काढलेली, हे मला तेव्हा कळलं. काकूंनी एकेक अंडं कानाशी हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘धुऊन उन्हात ठेवली, तेव्हाच मेली ही.’

अंडी मी पुरली, पण तांबडी रिकाम्या टोपलीत बसूनच राहिली. तुरा पांढरा पडला, दाण्याला तोंड लावेना. ‘पोटाखाली पिल्लं चालती झाल्याशिवाय ही उठायची नाय, अशीच मरेल,’ काकू म्हणाल्या. ताई रोज फोनवर विचारायची, पिल्लं निघाली का, तांबडी बसली आहे ना? मी म्हणायचो, बसली आहे. यात एक अक्षर खोटं नव्हतं, पण फोन ठेवला की मला जेवण जायचं नाही. आईंनी जीव लावलेलं एवढं एकच जनावर, आणि तेही मी धुऊन टाकलं होतं.

मी पिल्लं शोधायला निघालो. आळीत कोणाकडे नव्हती. वरोरला हिरूमामींकडे होती, पण त्यांच्या कोंबडीने माझ्या हातावर जी खूण केली ती अजून आहे. चिकनच्या दुकानात विचारलं, तर कापून हवीत की अख्खी, असं तो मलाच विचारायला लागला. शेवटी तलासरीचा बाजार. तिथे एक माणूस टोपलीत पिल्लं घेऊन बसला होता. नऊ घेतली. एसटीत माझी पिशवी इतकी किलबिलत होती की कंडक्टर म्हणाला, ‘काका, मोबाईल वाजतोय, उचला की.’

घरी खिडक्या लावल्या, टोपलीवर गोणपाट टाकलं, आणि काकूंनी सांगितल्याप्रमाणे अंधारात एकेक पिल्लू तांबडीच्या पोटाखाली सरकवलं. मग तिने घशातल्या घशात एक आवाज काढला आणि दोन्ही पंख पसरले. तुला म्हणून सांगतो, मी तिथेच जमिनीवर बसून रडलो. आता ती मातीत उकरते, पिल्लांना हाका मारते, चोच भरून दाणे खाते. एकूण जे झालं ते चांगलंच झालं असं माझं ठाम मत आहे.

वर्षाला आशीर्वाद.

तुझा,
रविंद्र भावोजी

ता. क. : एक बारीकशी गोष्ट राहिली. पिल्लं रंगवलेली आहेत. पाच गुलाबी, तीन हिरवी, एक जांभळं. रंग धुवावा असं फार वाटलं, पण या वेळी हात मागे बांधून उभा राहिलो. काकू म्हणतात, खरी पिसं आली की रंग जाईल. तेव्हा ताईला आणखी पंधरा दिवस ठेवून घे. वर्षाचं प्लास्टर जरा उशिरा काढलं तर काय बिघडणार आहे?

ता. क. २ : पाकीट चिकटवायच्या आतच दुपारच्या बसने तुझी ताई आली. अंगणात तांबडी आणि मागे ती गुलाबी-हिरवी रांग. ताईने पिशवी खाली ठेवली. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिने टेबलावरचं हे पत्र उचललं आणि उभ्याउभ्या सगळं वाचलं. मग हसायला लागली. हसता हसता ओट्यावर बसली, पदराने डोळे पुसले, आणि परत हसली. प्रविण, आई गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. ‘कोंबडी हाय ना जिवंत? मग घालेल परत अंडी,’ एवढंच म्हणाली. पत्र तरीही टाकायचंच, असा तिचा हुकूम आहे.

ता. क. ३ : वर्षाचं प्लास्टर वेळेवर काढ, असं ताईने सांगितलं आहे. आणि जे हिरवं पिल्लू सगळ्यांच्या आधी खायला धावतं आणि सगळ्यात जास्त ओरडतं, त्याचं नाव तिने प्रविण ठेवलं आहे.