लावणीची सावड

माले, मंगळवार, संध्याकाळ

भाताची रोपं पिवळी पडायला लागलेली आणि लावणीला बाई मिळेना. सगळ्या कंपनीच्या गाडीनं कामाला जातात. शेजारच्या काकूंचीही तीच अडचण. बांधावरून भांडण झाल्यापासून आम्ही बोलत नव्हतो, तरी सकाळी मीच हाक मारली.

"काकू, सावडीनं करूया का? एकमेकींच्यात राबू."

त्यांनी माझ्या रोपांकडं बघितलं. "आदी तुजं लावू. लई पिवळी पडल्यात गं. माजं ऱ्हाईल दोन दिस."

मी म्हणाले असते का असं? खरं तर नाही.

वाडीतल्या आणखी दोघी, ज्यांची लावणी अशीच अडलेली, त्याही सावडीत आल्या आणि दुपारपर्यंत अख्खं खाचर लावून झालं. उद्या काकूंचं. कंबर मोडलीय, पण आत्ताच त्यांनी चहाला बोलावलंय. जाते.