चार भाकरी खाणारी मॅडम

शुक्र., ७ फेब्रु.
माझा तीन पुडांचा डबा नीलमनं मला न विचारता नेला. वांगी वसंतासाठी भरली होती, त्यातली अर्धी गेली. भाकरी चार. चार! नीलम स्वतः अर्धी खाते नि पोट धरते.
नात आहे माझी. इथं आखातात अल खोरला शाळेत मास्तरीण, राहते तिकडंच. गुरुवारी संध्याकाळी बापाकडं, म्हणजे माझ्या थोरल्या वसंताकडं, मुऐदरला येते. म्हणे आजीला भेटायला. आणि शुक्रवारी ऐन जेवायच्या वेळेला पायात चपला.
"कुठं गं?"
"शाळेतल्या मॅडमकडं. एकट्या असतात गं आजी."
बरं.

शनि., ८
डबा आला. घासून पुसून. वरच्या पुडात कागदाची पुडी, त्यात चिमूटभर साखर.
"मॅडम कुठली तुझी?"
"केरळची."
रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही रीत तिकडंही असेल. असेल. वसंताला विचारलं. टीव्ही बंद होता तरी तिकडंच बघत होता.

शुक्र., १४
आज ठेचा मुद्दाम जाळ केला. बघू मॅडम काय करते.
मग म्हटलं, मीच येते. लुगडं नेसून दारात उभी.
नी. म्हणाली, "आजी, मेट्रो, मग बस, लांब आहे."
"मी विमानात बसून आले की."
"अगं तिथं बायकांना आत सोडत नाहीत!"
बोलली नि जीभ चावली. ही कसली मॅडम, जिच्या घरी बायकांना सोडत नाहीत?
वसंता म्हणाला, "आई, खलास, पुरे आता." माझ्यावर अरबी.
म्हणजे बाप्या आहे. आणि बापाला ठाऊक आहे.

शनि., १५
ठेचा चाटून पुसून खाल्लाय. पुडीत साखर.
रात्रभर तेच. बाप्याला ही रीत कोण शिकवतं? बायका पोरींना शिकवतात. मला पोरी नाहीत. मी दोन्ही पोरांना शिकवली.
धाकटा प्रकाश. ड्रायव्हर. मस्कतला आहे, असं वसंता चार वर्षं सांगतोय. फोन दाखव म्हटलं की रेंज नसते.
हे गेले तेव्हा तेराव्याला उगवला. मी उंबऱ्यातूनच सांगितलं, परत तोंड दाखवू नकोस. रजा मिळाली नाही असं लोक म्हणाले. मी त्याला विचारलं नाही.
जन्मात तेवढं एकच ऐकलं मेल्यानं.

मंगळ., १८
वसंताला सहज विचारलं, बायकांना आत सोडत नाहीत त्या कामगारांच्या मोठ्या वस्तीचं नाव काय रे? "बरवा अल बराहा," म्हणाला, नि चहा सांडला. कबूल मात्र कोणी काही करत नाही. मीही केलं नाही.

गुरु., २०
नी. आली. उद्याचा डबा मीच भरणार. शनिवारी माझं परतीचं विमान.
"आजी, चार भाकरी ना?"
"पाच. त्याला पाच लागायच्या."
तिला कळलं. मग डोळ्याला ओढणी. म्हटलं, पीठ चाळ.
उद्या सकाळी नी.बरोबर मीही जाणार. आत सोडत नाहीत ना, गेटाबाहेर बसेन. येईल का नाही, देव जाणे. पण डबा माझ्या हातातून घ्यायचा. नी.नं मध्ये बोलायचं नाही, वसंतानं आधी फोन करायचा नाही. रजेचं काय झालं होतं ते प्रकाशनंच सांगायचं, माझ्याकडं बघून.