अंगाचा साबण, कपड्यांचा साबण

१२ मार्च

प्रिय बारकी,

आशीर्वाद, एक पापा आणि एक गालगुच्चा. गालगुच्चा जरा जोरात, कारण मागे फोनवर तू म्हणालीस, "ताई, तू घरी बसून एवढं सगळं करतेस, मला लिहून दे ना, मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवीन." त्यातलं ते "घरी बसून" मला झोंबलं. बाई गं, बसतेस तू, बँकेच्या काउंटरमागे, गादीच्या खुर्चीत. मला बसायला मिळालं असतं तर हे पत्र मागच्याच आठवड्यात आलं असतं.

आम्ही सगळे मजेत. तुझे भाऊजी बसडेपोतून येतात ते कोपरापर्यंत ग्रीसने माखून, आणि त्याच हातांनी दाराची कडी धरतात. मोठी शाळेतून आली की मला शिकवायला लागते. बाळ बरं आहे. दूध पितं, झोपतं.

तर आता ऐक. पहिली गोष्ट म्हणजे त्या बाळांच्या दुकानात पाऊल टाकू नकोस. तिथे प्रत्येक वस्तूवर अस्वल काढलेलं असतं आणि अस्वलाचे पैसे वेगळे लागतात. डब्यातले ओले रुमाल तर मुळीच घ्यायचे नाहीत. नवऱ्याचे जुने बनियन काढ, तळहाताएवढे तुकडे कर, झाकणाच्या डब्यात भर. कोमट पाण्यात बुडव, पूस, धू, वाळत घाल. नवरा कुरकुरेल. त्याला म्हणावं, बनियन पोराच्या कामी आला, तुझ्या तरी कुठे येत होता, भोकंच भोकं होती. लंगोटांना नवं कापड आणू नकोस, ते टोचतं. वर्षानुवर्षं धुतलेली चादर फाड. आईकडची ती निळ्या रेघांची चादर तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस, मला माहीत आहे.

दुकानात गेलीस की खालच्या फळीवर बघ. स्वस्त आणि चांगली वस्तू नेहमी तळाला असते, कारण दुकानदाराला वाटतं वाकणार कोण. (तू सध्या वाकू नकोस, नवऱ्याला वाकव.) खायचा सोडा मोठ्या पुड्यातला घे. पुरळाचं मलम साध्या पांढऱ्या ट्यूबमधलं घे. महागड्या मलमाच्या आणि याच्या पाठीवर अक्षर न् अक्षर तेच छापलेलं असतं. औषधवाल्याला विचारलं तर तो छताकडे बघतो.

व्हिनेगर विकत आणायचं नाही. सफरचंदाच्या साली बरणीत घाल, वर पाणी, थोडी साखर, तोंडाला फडकं बांध आणि रोज ढवळ. फेस यायचा थांबला की साली गाळून टाक आणि ते पाणी तसंच फडक्याखाली ठेवून दे. पुढे आपोआप आंबतं. ओटा, आरसे, नळावरचे पांढरे डाग, सगळं त्यानेच निघतं. फक्त ब्लीचमध्ये कधी मिसळायचं नाही, विषारी धूर होतो. दही लावताना दूध करंगळीला सोसेल इतकंच गरम हवं. शिळा पाव टाकायचा नाही, वाळवून त्याचा चुरा करायचा. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच. हसू नकोस, तुलाही येईल.

एक सांगून ठेवते. लोक म्हणतील, दूध नासलं की वासावरून कळतं, साबण मुरला की वासावरून कळतं. कुणाचं ऐकू नकोस. वासाचा काही भरवसा नाही. घड्याळ लाव, तारीख घाल, डोळ्यांनी बघ, बोटाने बघ.

आता साबण. दोन असतात. अंगाचा चांगल्या खोबरेलाचा. कपड्यांचा असतो तो तळणाचं उरलेलं तेल गाळून घेऊन करायचा, आणि भाऊजींचं ग्रीस फक्त त्यानेच निघतं, दुकानातले सगळे साबण त्या ग्रीसपुढे हात टेकतात. दोन्ही दुधाच्या रिकाम्या खोक्यांत ओतायचे, घट्ट झाले की तारेने कापायचे आणि फळीवर वाळत ठेवायचे, कमीत कमी सहा आठवडे. तू मात्र यात पडू नकोस. त्यात कॉस्टिक सोडा असतो, कातडी भाजते, आणि तू पोटुशी आहेस. मीच करून पाठवीन. पाठवीन ते दोन वेगळ्या पिशव्यांत, आणि कपड्यांच्या साबणावर काट्याचे ओरखडे असतील. वाळल्यावर दोन्ही पांढरे, दोन्ही चौकोनी, बघून काही कळत नाही. ओरखडा आहे का ते बघितल्याशिवाय कुठलाही साबण बाळाच्या अंगाला लावायचा नाही. बाकी काही चिकटव नाहीतर चिकटवू नकोस, हे मात्र मोठ्या अक्षरांत चिकटव.

बाळ उठलं.

घाईत,
ताई


२९ मार्च

बारके,

तुझं पत्र ओट्याशी उभ्याउभ्याच वाचलं. "ताई, चार पानांचं पत्र, साबणाला एक अख्खं पान आणि माझ्या भाच्याला दीड ओळ? आणि ते बाळाच्या टाळूच्या वासाचं कुठे गेलं? मोठी जन्मली तेव्हा तू मला तेच सांगून सांगून भंडावलं होतंस. आता माझी वेळ आली तर चिडीचूप?"

वाटलं, उत्तरादाखल दह्याबद्दलच आणखी काहीतरी लिहावं. लिहायला बसलेही होते. मग वाटलं, तू ते कपाटाला चिकटवशील आणि रोज वाचशील, आणि तुला वाटेल की आई झालं की असंच असतं, सगळं धुतलेलं, वाळवलेलं, घडी घातलेलं. तेवढं मला नको.

मला वास येत नाही, बारके. कशाचाच नाही.

बाळ पोटात असताना, अगदी शेवटी शेवटी, सर्दीतापाने पडले होते, आठवतं? ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. वाटलं, येईल परत. सर्दीच आहे, कुठे जाणार. कुणाला बोलले नाही. मग बाळंतपण आलं, त्या गडबडीत नाकाकडे कोण बघतो. दूध करपलं तर भाऊजी धावत आले, "अगं, नाक आहे की नुसतं शोभेला?" मी म्हटलं, लक्ष नव्हतं. ते हसले, मीही हसले.

बाळ माझ्या हातात दिलं तेव्हा मी पहिली गोष्ट केली ती नाक त्याच्या टाळूवर टेकवलं. मोठीच्या वेळी तेवढ्यानेच मी कामातून गेले होते. दिवसभर तिला हुंगत बसायचे. भाऊजी चिडवायचे, तू मूल वाढवते आहेस की अत्तर लावते आहेस. या खेपेला नाक टेकवलं आणि काहीच नाही. कोमट लागलं, मऊ लागलं, बस. नर्स म्हणाली, "किती गोड आहे ना?" मी हो म्हटलं. तेव्हापासून मी सगळ्याला हो म्हणते आहे.

दात काढायच्या आधी सुई टोचतात ना, मग गाल आपला असून आपला नसतो, चावला तरी कळत नाही, तसं झालंय. फक्त गालाचं नाही, सगळ्याचंच. मला वाईटही वाटत नाही गं. वाईट वाटलं असतं तर मी तुला फोनवरच सांगितलं असतं रडून. त्याला वेळेवर पाजते, वेळेवर न्हाऊ घालते, लंगोट उन्हात वाळवते. कुणाचं तरी मूल सांभाळायला ठेवलंय आणि ते लोक संध्याकाळी येऊन नेणार आहेत, असं वाटतं. संध्याकाळ होते, कुणी येत नाही, मी पुन्हा पाजते. शेजारच्या काकू परवा सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दुसरं लेकरू आणि घर बघा कसं आरशासारखं! शिका जरा हिच्याकडून." माझ्या हातात तेव्हा व्हिनेगरची बाटली होती. कसं सांगू, काकू, मला पुसायचं असतं म्हणून मी पुसते, दुसरं काही करावंसं वाटतच नाही.

त्या ओरखड्यांबद्दल तू विचारलं नाहीस. "काट्याची नक्षी मस्त कल्पना आहे" एवढंच लिहिलंस. ती नक्षी नाही.

मी कधीच साबणांवर खूण केली नव्हती. गरजच नव्हती. फळीवरून वडी उचलायची, नाकाशी न्यायची, खोबरं की तळण, संपलं. या वेळी उचलली, सवयीने नाकाशी नेली आणि सवयीनेच न्हाणीघरात ठेवली. काही कळलं नाही, पण नेली मात्र नाकाशी. कपड्यांच्या साबणाने मी त्याला रोज न्हाऊ घालत होते, बारके. पाठ लाल झाली, मग मांड्या, मग मानेच्या वळ्या. पांढऱ्या ट्यूबचं मलम लावलं आणि पुन्हा त्याच साबणाने धुतलं. तो ओरडायचा. असा ओरडायचा की खालच्या मजल्यावरचे वर बघायचे.

आणि मी काय विचार करत होते माहीत आहे? टॉवेल बदलायला झालाय. त्याच्याकडे बघून मी तेवढाच विचार करत होते.

दवाखान्यात नर्सने विचारलं, "साबण कोणता लावता?" मी म्हटलं, घरचाच, खोबरेलाचा. खोटं नव्हतं बोलायचं मला. मला खरंच तसं वाटत होतं. त्यांनी उन्हाळ्याचं पुरळ म्हणून सोडून दिलं.

पकडलं ते मोठीने. बाळाला पुसताना तिने टॉवेल धरला आणि नाक मुरडलं. "आई, हा बाबांच्या कपड्यांसारखा का वास येतोय?" मग वडी हुंगली. "आई! हा ग्रीसचा साबण आहे!" तिने वडी खिडकीतून खाली फेकून दिली, तशीच, ओली. नंतर स्वयंपाकघरातून काटा आणला आणि फळीवरची एकेक वडी हुंगून कपड्यांच्या वड्यांवर ओरखडे काढत बसली. मी म्हटलं, नीट काढ, खोल. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "तुला वास येत नाही ना? मला कधीचं माहीत आहे. तू माझे मोजे हुंगून ओरडत नाहीस आता."

बाबांना सांगू नकोस, असं मी तिला म्हटलं नाही. पण तिने सांगितलेलं नाही. एवढ्याशा पोरीने माझं गुपित पोटात ठेवलंय, आणि ती आता रोज शाळेत जायच्या आधी न्हाणीघरात जाऊन साबण हुंगून जाते. हे मला बघवत नाही. बघ, एक तरी गोष्ट आहे जी बघवत नाही. चांगलंच म्हणायचं.

बाळाची कातडी आता बरी आहे, पुन्हा गुळगुळीत झाली. काळजी करू नकोस. त्याला भाऊजी ठोंब्या म्हणतात, मोठी मुंगळा म्हणते. मी बाळ म्हणते. फोनवर तू विचारलंस, तू लाडाने काय म्हणतेस, तेव्हा मी म्हटलं ना, कुकर झाला वाटतं, ठेवते. कुकर लावलेलाच नव्हता.

डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे, नाकासाठी आणि या बाकीच्यासाठीही. पण एकटी गेले तर मी "सगळं ठीक आहे" म्हणून परत येईन. मी मला चांगली ओळखते. मोठीला बरोबर नेणार नाही, तिने पुरे केलं. भाऊजींना मी सांगेन. पण आधी तुला सांगून बघितलं, तोंडातून निघतं का ते. कागदावर तरी निघालं.

तू ये. प्रवास झेपत असेल तर सुट्टी टाक आणि ये, तुझं पोट अजून मोठं व्हायच्या आत. घरकामाला नको येऊस, घर आरशासारखं आहे. माझ्याबरोबर दवाखान्यात चल, आणि बाई विचारतील तेव्हा मी "ठीक" म्हटलं तर टेबलाखालून चिमटा काढ. लहानपणी काढायचीस तसा, नखाचा.

आणि त्याआधी एक काम. मी तुला सगळं लिहून दिलं, साबण कसा, दही कसं, लंगोट कसे. आता तू मला एक सांग. आल्या आल्या, हात धुवायच्याही आधी, त्याला उचल. हात धुतलेस तर तुझ्या हातांना साबणाचा वास येईल. नाक त्याच्या टाळूवर टेकव आणि डोळे मीट. घाई करू नकोस. मग मला सांग कसा येतो. मला बरं वाटावं म्हणून गोडगोड बोलायचं नाही. मोठीसारखा येतो की वेगळा? दुधाचा येतो, की उन्हात वाळलेल्या कापडाचा, की दुसऱ्याच कशाचा? जसा असेल तसा सांग, पुन्हा पुन्हा सांग, मला पाठ होईपर्यंत. मी तो पाठ करून ठेवीन आणि रोज त्याला उचलताना मनात म्हणीन. त्याने काही होईल की नाही, मला माहीत नाही. मला सध्या एवढंच सुचतंय.

आत्ता तो माझ्या मांडीवर झोपलाय. पायाला मुंग्या आल्यात, पण उठवत नाही. पत्र मोठीबरोबर पाठवते आहे, शाळेच्या वाटेवर पेटी आहे. तिने विचारलं, मावशीला काय लिहिलंस? मी म्हटलं, ये म्हणून लिहिलंय. ती म्हणाली, बरं झालं.

तुझीच ताई,
आणि सगळे म्हणतात म्हणून, याची आई