रिकाम्या खाचा

सोमवार, ४ मार्च

आज सकाळी अंघोळ झाल्यावर देवाला हात जोडले, मग संगणकाला जोडले आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला. छापखान्याची फाईल उघडायला सांगितली. मी चहा पिऊन कप विसळून आलो, तरी स्वारी विचारच करत होती.

दादा मागे उभा. "बटण दाबतोस की दर्शन घेतोस?"

जन्मभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले त्याने. ज्याच्या पोटात आपला स्क्रूड्रायव्हर गेलेला नाही ते जगात नाहीच, असं त्याचं मत. देवाला स्क्रू नाहीत. विषय संपला!

"रॅम वाढव, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाक. नमस्काराने वेग वाढत नसतो."

त्याच्या स्वतःच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात. एकवीस तारखेला ऑपरेशन. त्यावर चकार शब्द नाही. तब्येतीची चौकशी फक्त संगणकाची!

गुरुवार, ७ मार्च

सामान आणलं. दुकानदार म्हणाला, "रॅमला चार खाचा आहेत, चारही भरून टाका काका." दादाने दोनच पट्ट्या घेतल्या. "जुन्या काढायच्या, नव्या दोन बसवायच्या. बास."

घरी येऊन त्याने टेबल पुसलं, चष्मा पुसला, माझ्याकडे पाहून तोंडही वाकडं केलं. मग संगणकाचं कॅबिनेट उघडलं. आत एवढी धूळ की भाजीची रोपं लावावीत.

मी उगाच तोंड उघडलं. म्हणालो, "दादा, देव नाही असं मानणं हीसुद्धा श्रद्धाच. तू तरी कुठे शोधून आलास?"

"ही बघ." त्याने रिकाम्या खाचेवर नख टेकवलं. "यात काय आहे?"

"काही नाही."

"मग 'काही नाही' नावाच्या कंपनीची रॅम आहे का यात?"

"पण मशीन चालू होताना ती खाच रिकामी आहे का ते तपासतंच ना? तूही रोज सकाळी तपासतोस. माझ्यापेक्षा तुझ्याच तोंडी देवाचं नाव जास्त!"

वहिनी दारातून म्हणाली, "देव असो की नसो, चहा तिसऱ्यांदा गरम केलाय. चौथ्यांदा करणार नाही."

निकाल लागला नाही. चहा प्यालो.

शुक्रवार, ८ मार्च

संगणक पळतोय! मी हात जोडून बटण दाबलं म्हणून, असं मी म्हणणार नाही. दादाने सकाळपासून दोनदा विचारलं, "म्हणाला नाहीस अजून?"

मंगळवार, १२ मार्च

दादा उरलेले स्क्रू डबीत भरत होता. मान वर न करता म्हणाला, "एक काम कर. ऑपरेशनच्या दिवशी माझ्यासाठी देवाकडे काही मागू नकोस."

मी हसलो. तो हसला नाही.

"बरा झालो तर जन्मभर ऐकवशील, मी मागितलं म्हणून. नाही झालो तर म्हणशील, याने मागू दिलं नाही. दोन्हीकडून मरायचं मीच!"

"आणि वहिनी? तिला सांगितलंस?"

"तिला सांगायची हिंमत असती तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

बुधवार, १३ मार्च

मागायचं नाही म्हणे! मग मी तिथे बसून करू काय? शब्दकोडं सोडवू?

शुक्रवार, १५ मार्च

पळवाट सापडली. दुसऱ्याच्या श्रद्धेला धक्का लावू नये, हे गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं. ते पाळत आलोय. पण दादाच सांगतो, त्याचं ते श्रद्धा नव्हेच. नुसतं 'काही नाही'. मग जे नाहीच ते मोडणार कसं? मी मनातल्या मनात मागावं, त्याचं काय जातंय?

वकील व्हायला हवं होतं मी. उगीच लोकांची व्हिजिटिंग कार्डं जुळवत बसलो.

रविवार, १७ मार्च

दादा झोपलेला असताना मी कॅबिनेट उघडलं. काढलेल्या दोन्ही जुन्या पट्ट्या खणात पडून होत्या आणि इथे दोन खाचा रिकाम्या. जिवाला चैन पडेना. चांगली जागा मोकळी कशाला ठेवायची? बसवल्या. हात जोडले, बटण दाबलं.

पीं. पीं. पीं. पडदा काळा!

पुन्हा जोडले. पुन्हा पीं.

दादा डोळे चोळत आला. ओरडेल वाटलं. पण त्याने जुन्या पट्ट्या उपसल्या आणि बटण दाबलं. चालू.

"त्यांचं यांच्याशी जुळत नाही. कुणी सांगितलं होतं भरायला?"

"रिकाम्या होत्या."

"रिकाम्या होत्या. बिघडलेल्या नव्हत्या."

एवढं बोलला आणि धाप लागली म्हणून माझ्याच खुर्चीत बसला. मी पाणी आणलं. तो प्यायला. मी त्याच्या मानेकडे बघत राहिलो. केवढी बारीक झालीय!

माझी ती वकिली आठवली. लाज वाटली.

बुधवार, २० मार्च

दादाला दवाखान्यात ठेवलं. वहिनी व्हरांड्यात म्हणाली, "भाऊजी, उद्या तुम्ही माझ्या शेजारी बसा. दोघं मिळून नाव घेऊ. तुमचं देव ऐकतो."

मी सगळं सांगितलं. ती बघतच राहिली.

"आजारी माणसाच्या हट्टाला काय किंमत द्यायची? आणि तुम्ही! लहानपणापासून एक दिवस चुकवला नाहीत, आणि सख्ख्या भावाच्या वेळी गप्प बसणार?"

मग बोललीच नाही ती माझ्याशी.

आणि खरंच काही झालं तर? ही मला कधी माफ करेल का? मी तरी स्वतःला?

देवाला एवढंच सांगितलं: उद्या मी काही बोललो नाही तर रागावलोय असं समजू नकोस. हे मागणं नव्हे. निरोप आहे.

शनिवार, २३ मार्च

ऑपरेशन पार पडलं. त्या दिवशी वहिनी डोळे मिटून पुटपुटत होती. मी शेजारी. हात आपोआप जुळायला लागले तसे मांडीखाली घालून त्यांच्यावरच बसलो. मुंग्या आल्या. दार उघडून डॉक्टर बाहेर येईपर्यंत काढले नाहीत.

आज दादाशी बोलू दिलं. आवाज अगदी खोल गेलेला.

"मागितलंस?"

"नाही."

"शपथ?"

"कोणाची घेऊ?"

हसायला गेला आणि टाके दुखले. नर्स माझ्यावर खेकसली. दादाने माझा हात धरला तो सोडलाच नाही.

नाहीच मागितलं.