म्हैसडोहातली हवाई छत्री

देवपूर, धुळे
१२ मे २०२५

ती. स्व. अक्कास,
धाकट्या तोतारामचा शि. सा. न.

आधी दूरची गुरगुर, मग खाकरल्यासारखे दोन तुटके आवाज, मग काहीच नाही. आणि त्या काहीच नसण्यानंतर जमिनीतून पोटात शिरलेला तो दणका. अडुसष्ट वर्षं झाली, तरी काल सकाळी पेपरात आपल्या गावाचं नाव वाचलं आणि मला तो पुन्हा ऐकू आला. आपल्या मोठ्या भावाचा रविंद्र केळी लावायला म्हैसडोहाची दलदल उपसतोय आणि पोकलेनच्या दातात विमानाचा पंख आला, असं छापलंय. फोटोही आहे. मिशी अगदी आबांसारखी ठेवलीय त्याने. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

पौषातली संध्याकाळ होती. मी आठ वर्षांचा, तू चौदाची, अंगणात तुरीच्या शेंगा भाजत होतो. आपण डोहावर पोचलो तेव्हा विमान निम्मं गिळलं गेलं होतं, वर तेल पेटत होतं. वैमानिक काठच्या लव्हाळ्यात पडला होता, मान उलटी फिरलेली, मिसरूड नुकतं फुटलेलं. कोणी जवळ जाईना. झिपरू गेला. त्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांनी धर्म बदलून तीन महिने झाले होते, मेलेली गुरं ओढणार नाही म्हणून त्यांनी गावकीची कामं सोडली होती आणि गाव त्यांच्यावर दात खाऊन होतं. तरी झिपरू म्हणाला, हे ढोर नाही, माणूस आहे, मी बसतो. रात्रभर काठी घेऊन कोल्ह्यांपासून तो त्या पोराला राखत बसला.

आणि मला ती पहाट आठवते. धुकं, आणि डोहावरून उठलेला बगळ्यांचा थवा, उलगडलेल्या पागोट्यासारखा लांब, पांढरा. शाळेत चौतीस वर्षं मी मुलांना कविता चालीवर म्हणायला शिकवलं, पण त्या पहाटेइतकी देखणी ओळ मला कुठल्या पुस्तकात भेटली नाही.

पुढचं तुला माहीत आहे. फक्त एवढं कळव, चिखलातून आणखी काय काय निघालं?

गुडघ्यांना तेल लाव. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर नाही म्हणणार नाही.

तुझा तोताराम


१७ मे २०२५

चि. तोतारामास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शहात्तराचा झालास तरी दोन ओळी सरळ लिहून तिसरीत पाखरं उडवतोस.

इथे आठ दिवस जत्रा आहे. हवाई दलाची माणसं आलीत, त्यांची प्रमुख हर्षिता नावाची पोरगी आहे, राजस्थानकडची. ती चिखलातला एकेक तुकडा बादलीत धुते आणि दात घासायच्या ब्रशने घासून त्यावरचे आकडे वाचते. एका पितळी पट्टीवर नंबर निघाला. जुन्या कागदांशी जुळला, त्यावरून विमान ठरलं आणि पोराचं नावही ठरलं. आधी त्याच्या घरी कळवायचं म्हणून नाव सांगत नाही. बावीस वर्षांचा होता एवढंच म्हणाली.

काल बसायची खुर्ची निघाली. तिच्यात पट्ट्यांनी बांधलेली एक जाड पिशवी. बाहेरून कोळशासारखी काळी, पण पोरीने कापली तर आत पांढरंशुभ्र कापड, घडी न मोडलेलं. बठ्ठं, सगळंच्या सगळं तिथेच होतं तोता, एक वीत कमी नाही. वैमानिक हवाई छत्रीवरच बसायचे म्हणे. हा पट्ट्या सोडून बाहेर फेकला गेला आणि छत्री खुर्चीसोबत खाली गेली. मग झिपरूने काय चोरलं?

समाधान तिथे उभा होता. झिपरूच्या लेकीचा मुलगा, चोपड्याला कॉलेजात शिकवतो. पोलिसांच्या जुन्या वहीत त्याच्या आजोबाचं नाव चोर म्हणून आहे आणि तो बांधावरून पडून मेला असं लिहिलंय. त्याने शांतपणे सांगितलं की पंचनाम्यात छत्री सापडल्याचं लिहा, ती वही खोटी ठरवायला मला ते लागेल. रविंद्रने विचारलं, माझ्या शेतात तुला कोणी बोलावलं. समाधान म्हणाला, आजोबांनी. एवढ्यावर रविंद्रने टिकावाचा दांडा उचलला. दोघं गडी धरायला, आणि हा मारायला. पोरगं खाली पडलं तरी मारत होता. हवाई दलाच्या जवानांनी ओढून काढलं तोवर एक डोळा मिटला होता आणि डावा हात नको तिथून वाकला होता. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मला, जिला फोन ऐकू येत नाही.

रविंद्र घरी आला, हातावरचं रक्त धुतलं आणि भाकरी मागितली. मी वाढली.

जिवाला जप. आशीर्वाद आहेतच, ते काही तुझ्या वागण्यावर नाहीत.

अक्का


देवपूर, धुळे
२२ मे २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न.

जळगावच्या दवाखान्यात जाऊन आलो. समाधानचा हात दोन ठिकाणी मोडलाय, डोळ्याचं अजून सांगता येत नाही. त्याने मला ओळखलं. म्हणाला, सर, छत्री सापडली हे पुरेसं नाही, आजोबाला मारताना पाहिलेलं माणूस हवं. पंचनामा एक जूनला पूर्ण होईल, तोवर कोणी लिहून दिलं तर. असं जिवंत माणूस मी एकटाच आहे हे त्याला ठाऊक असावं.

म्हणून आज पहिल्यांदा लिहितो. दुसऱ्या दिवशी दुपारी झिपरूला चावडीच्या खांबाला बांधलं. गावावर रोष धरणारे तुम्हीच, रेशमी छत्री तुमच्याच वस्तीत गेली, असं फौजदार म्हणाला. आपले आबा गावचे पाटील म्हणून बाजूला बसलेले. कोणी पाहिलं का, विचारलं. मी म्हटलं, मी पाहिलं, झिपरू पांढरं काहीतरी घेऊन चालला होता. सगळं गाव माझ्याकडे वळलं. आबांनी, ज्यांनी मला कधी जवळ घेतलं नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग ते विचारत गेले आणि मी सांगत गेलो. काखेत धरलं होतं. मग विहिरीकडे वळला. मग मागे बघितलं. मी एकेक ओळ जोडत होतो आणि प्रत्येक ओळीला फटका पडत होता. आधी काठी, मग बैलाचा चाबूक, मग फौजदाराचा बूट. पुढचे दात फुटून हनुवटीवर आले. एक कान लोंबत होता. मध्येच त्याने माझ्याकडे पाहून मला नीट आठवायला सांगितलं, रागाने नाही, अभ्यास घ्यावा तसं. मी आणखी एक ओळ जोडली. संध्याकाळी त्यांच्या वस्तीतली चार घरं खणली आणि पेटवून दिली. तिसऱ्या दिवशी झिपरू गेला.

मी लिहून द्यायचं ठरवलंय. दोन पानांचा मसुदा झाला. त्या पहाटे मी डोहावर बगळे पाहिले, बालबुद्धीला ते कापड वाटले, असं मांडलंय. रविंद्रला वास लागलाय. काल त्याचा फोन आला, म्हणाला, नाना, सही केलीत तर तुमचाही हात समाधानसारखा करीन. मला त्याची भीती आहे, त्याहून तुझी आहे. तू त्याच्या घरात राहतेस. तू नको म्हणालीस तर थांबतो.

माया होती तशी ठेव, हे वाचूनही जमलं तर.

तुझा तोताराम


२७ मे २०२५

चि. तोतारामास आशीर्वाद.

ओळी वाकड्या येतील, समजून घे. रविंद्रने तुझं पत्र वाचलं आणि माझा चष्मा टाचेखाली घेतला. एक काच शाबूत आहे, तिच्यातून लिहिते. शेजारच्या रूपालीने पत्र टाकायचं कबूल केलंय.

बगळे नव्हते, तोता.

त्या पहाटे तू डोहावर गेलाच नव्हतास. जळालेलं तेल पाहून तुला ताप भरला होता, रात्रभर माझ्या गोधडीत कण्हत होतास आणि ऊन ओट्यावर आल्यावर उठलास. मी तुला हळदीचं दूध दिलं. चावडीच्या दाराआड बायकांमध्ये मी उभी होते. तू पहिलं वाक्य बोललास तेव्हाच मला कळलं की हे घडलेलं नाही. बगळे तू नंतर पाळलेस, आणि इतकी वर्षं दाणे घालून मोठे केलेस.

मी एक शब्द बोलले असते तर तो माणूस वाचला असता. पण त्याच आठवड्यात आबांनी आईच्या पाठीत कोयत्याची मूठ घातली होती, तिला वळता येत नव्हतं. मी तोंडात पदर कोंबला. तू आठ वर्षांचा होतास, मी चौदाची. तुझ्यापेक्षा माझं जास्त आहे.

थांबू नकोस. जे नव्हतं ते नव्हतं असं लिही आणि खाली माझं नाव घाल की हिला माहीत होतं. वेगळ्या कागदावर सही करून सोबत ठेवलीय. माझी काळजी करू नकोस, या वयात रविंद्र माझं फार काही मोडू शकत नाही.

आशीर्वाद घे, या वेळी ते लागतील तुला.

अक्का


देवपूर, धुळे
२ जून २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न.

तुझं पत्र हातात घेऊन दिवसभर बसून होतो. डोळे मिटले की अजून बगळेच उडतात. ते खोटे आहेत हे मान्य करायला मला झिपरूचा मृत्यू मान्य करण्याहून जड गेलं, हे लिहितानाही लाज वाटते. मी तिथेही स्वतःसाठी एक सुंदर जागा करून ठेवली होती.

दोन पानं फाडली. नवं लिहिलं ते असं: मी झिपरूला काहीही नेताना पाहिलं नाही. मी त्या पहाटे घरात झोपलो होतो. मी खोटं सांगितलं आणि त्यावरून त्याला माझ्यासमोर मारण्यात आलं. खाली तुझं नाव आणि तू म्हणालीस ते. परवा एसटीने चोपड्याला जाऊन हर्षिताबाईंसमोर आणि तहसीलच्या माणसासमोर दिलं, एक प्रत समाधानला पाठवली. बाईंनी दोनदा वाचलं आणि मला पाणी दिलं.

रविंद्रला कळलंय. आज दुपारी फोन आला, निघालोय म्हणाला. शेजारचे बन्सीलाल पोलिसांना सांगू म्हणतात, मी त्यांना त्यांचा फोन हातात ठेवायला सांगितलंय. दाराला कडी लावलेली नाही. चावडीत जे झालं त्यातलं थोडं माझ्या वाट्याला आलं तर मी ओरडणार नाही असं वाटतं, पण खात्रीने सांगता येत नाही.

तू इकडे ये. खोली रिकामी आहे, चष्म्याचं दुकान कोपऱ्यावर आहे. रागावून का होईना, येत जा.

तुझा तोताराम

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात दार वाजलं. रविंद्र समजून मी उठलो, हात पाठीमागे धरला आणि उघडलं. पायरीवर एक म्हातारी बाई होती, पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. जळगावहून एकटी आली होती, समाधानला दवाखान्यात ठेवून. म्हणाली, मी द्रौपदाबाई, झिपरूची लेक. बाप गेला तेव्हा ती अडीच वर्षांची होती, तिला त्याचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही. शेवटचं त्याला इतक्या जवळून ऐकलेला आता मी एकटाच उरलोय. पाणी नंतर घेईन म्हणाली. माफीही तिला ऐकायची नाही. तो खांबाला बांधल्यापासून काय काय बोलला, कोणत्या फटक्यानंतर काय बोलला, ते सगळं सांगा म्हणते, आणि मी मध्ये थांबलो तर पुन्हा पहिल्यापासून विचारीन म्हणाली. ती समोर बसलीय.